कडेची ओळ

छगनशेठच्या शिखाचं हसू फार गोड आहे. मी म्हणतोय म्हणजे खरं धरा, कारण मी सहजासहजी कुणाचं चांगलं बोलत नाही. शहाद्याला तिच्या वडलांचं बियाण्याचं दुकान आणि समोर माझं पंक्चरचं, तेव्हा फ्रॉकमधली शिखा मी पाहिलेली. ती शिकली, भाताच्या रोगांची डॉक्टर झाली, कुठल्याशा संस्थेत लागली. गेल्या जूनमध्ये एक दिवस माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "निजामभाई, चार महिने सातपुड्यात फिरनं शे. गाडी तुम्हनीच पाहिजे." आणि हसली. झालं, निघाली आमची जीप धडगावचा घाट चढायला.

तिला भात हवं होतं, आणि तेही मरणारं. संस्थेनं एक नवं वाण काढलं होतं आणि त्याच्यावर करपा पडत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. करपा म्हणजे भाताच्या पानावर शंकरपाळ्यासारखे डाग पाडणारी बुरशी. पान जाळते, आणि वेळ साधली तर कणसाची मान धरते. मग कणीस उभंच्या उभं पांढरं पडतं, आत दाणा नाही. आता नवं वाण या बुरशीला पुरून उरतं हे दाखवायचं तर त्याच्या शेजारी हमखास करपणारं भात लावावं लागतं. त्याच्यावर आधी रोग आणायचा, तो वाढवायचा, आणि तिथून वाऱ्यानं आतल्या नव्या भातावर जाऊ द्यायचा.

"शेजारचं मेलं नाही तर माझं जगलं याला पुरावा काय?" शिखा म्हणाली.

"म्हणजे कुर्बानीचा बकरा," मी म्हणालो.

"बकरा आपला एकटा मरतो निजामभाई. हा दुसऱ्याला मारायच्या कामाचा."

असला बकरा तिनं आधीच हेरून ठेवला होता. आदल्या पावसाळ्यात डोंगरातून तिनं करपलेली पानं गोळा करून नेली होती. सगळ्यांत वाईट पान निघालं सागपाड्याच्या धनुबाईच्या वावरातलं. त्या भाताचं नाव मोगीसाळ. बुटकं, लालसर, दाण्याच्या टोकाला काजळाचा टिपका लावावा तसा काळा ठिपका. एकेकाळी त्या पट्ट्यात घरोघरी होतं म्हणे. मग दुकानातलं बी आलं, आमच्या छगनशेठच्याच दुकानातलं, आणि लोकांनी जुनं सोडलं. आता ते फक्त धनुबाईच्या घरात उरलं होतं, चुलीवर टांगलेल्या एका टोपलीत.

सागपाडा म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली घरं. गाडी वडाखाली लावायची आणि पुढे चालत जायचं. धनुबाई अंगणात मोहाची टोळंबी, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली होती. वय विचाराल तर तिलाही माहीत नाही, पण हातात अजून दगडाचा नेम होता. मी तिला ओळखत होतो. माझ्या गाडीनं बाजाराला यायची, आणि मी थट्टा केल्याशिवाय तिला उतरू देत नसे. एकदा सांगितलं की ही जीप मोहाच्या दारूवर चालते, म्हणून घाटात डुलते. एकदा सांगितलं की शहाद्यात आता अंडी पेरतात. ती पोट धरून हसायची आणि म्हणायची, "निजाम, तू मेल्यावर तुझी जीभ वेगळी पुरावी लागेल." तिची बोली भिली आणि बाजारातली अहिराणी यांची भेसळ होती. मी ती इथे सरळ करून सांगतोय.

शिखानं बी मागितलं. म्हातारी सरळ नाही म्हणाली.

"देवीच्या टोपलीचं बी आहे ते. माझ्यानंतर गोवालच्या घरात राहील."

गोवाल तिचा मुलगा, चाळिशीचा, दाराशी उभा होता. तोही मान हलवत होता.

शिखानं मग वावरच मागितलं. धनुबाईचं ओढ्याकाठचं एकुलतं एक भाताचं खाचर एका हंगामासाठी भाड्यानं. गोवालला तिथंच राखणीचं काम. शिवाय मोगीसाळ पेरली की कापल्यावर बी परत घरातच यायचं. गोवालची मान हलायची थांबली. धनुबाईनं मात्र एकच विचारलं, "माझं बी लावणार कुठं?"

मी शिखाकडे पाहिलं. शिखानं काठीनं मातीत चौकोन काढला. आत तिचं नवं वाण, आणि भोवताली चारी बाजूंनी एक रेघ. "हे आजीचं. कडेला. सगळ्यांच्या बाहेर. रोग आला तर आधी त्याच्यावर येईल हेही सांगा त्यांना. मला खोटं बोलायचं नाही."

मी जसंच्या तसं सांगितलं. खुदा साक्षी आहे, एक शब्द गाळला नाही.

म्हातारीचा चेहरा असा फुलला की मला वाटलं तिला नीट कळलंच नाही. पण कळलं होतं, तिच्या परीनं. त्यांच्यात वावराची कडेची ओळ याहामोगी मातेची. कीड, रोग, नजर, जे येईल ते आधी त्या ओळीवर येतं. ती ओळ ते अंगावर घेते आणि आत जाऊ देत नाही. म्हणून कडेला कधी उरलंसुरलं लावत नाहीत, घरातलं सगळ्यांत चांगलं बी लावतात. ती ओळ शेवटी कापतात आणि तिचा दाणा माघात देवीच्या ठाण्यावर नेतात.

"बाईला रीत माहीत आहे," धनुबाई माझ्याकडे बघत म्हणाली. "शिकलेली असून माहीत आहे."

मी शिखाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "यांची ओळ रोग अडवते. माझी रोग वाटते. पण लावायची जागा एकच ना? मग वाद कशाला." आणि म्हातारीकडे बघून हसली.

धनुबाई घरात गेली आणि टोपली घेऊन आली. धुरानं काळी झालेली, शेणानं लिंपलेली टोपली. सगळीच्या सगळी. देवीच्या ओळीला द्यायचं ते निम्मं द्यायचं नसतं, टोपलीत दाणा मागे ठेवला तर तो चोरीचा, अशी रीत. शिखाला एवढं लागणारही नव्हतं, पण तिनं सगळं पिशवीत ओतून घेतलं. संस्थेत अजून तपासायला होईल म्हणाली. परत निघालो तेव्हा म्हातारी वडापर्यंत आली आणि गाडीला हात लावून म्हणाली, "बी परत आणशील ना, बाय?" शिखा म्हणाली, "हो आजी." मी गियर टाकला.

आता ऑगस्टची गोष्ट. एका दुपारी मागच्या सीटवर शिखानं एक बर्फाचा डबा ठेवला आणि त्याला पट्टा बांधायला लावला. मला म्हणाली, खड्डे चुकवा. मी म्हणालो, आत काय बाळंतीण आहे का? तर आत बुरशी होती. धनुबाईच्या वावरातल्या त्याच पानातली, एका बीजाणूपासून वाढवलेली, काचेच्या बशीत ओटाचं पीठ खाऊन माजलेली. आमच्याकडे टायफॉइडच्या माणसाला ओट मिळत नाही आणि ही बया ओट खात होती.

घाटात शिखाला बोलायला आवडायचं. या बुरशीबद्दल तर ती असं बोलायची की पोरगी सासरकडच्या हुशार दिराचं कौतुक करते आहे असं वाटावं.

"हिला तोंड नाही, दात नाहीत. एका ठिपक्यात लाख मावतील एवढा एकेक बीजाणू, पेरूच्या आकाराचा, आत तीन खोल्या. पानावर पडला की टोकाला डिंक सोडून चिकटतो. मग एक कोंब काढतो आणि कोंबाच्या टोकाला घुमट बांधतो. घुमटाला आतून काळा रंग देतो आणि आत पाणी ओढायला लागतो. ओढतो, ओढतो. निजामभाई, तुमच्या टायरमध्ये हवा किती भरता?"

"तीस-बत्तीस."

"त्याच्या चाळीसपट दाब त्या घुमटात. आणि मग खालून एक खिळा पानात ठोकतो."

मी पंक्चरवाला माणूस. टायर फुटताना जवळ उभा राहिलेलो आहे, अजून डाव्या कानानं कमी ऐकू येतं. चाळीसपट ऐकून मी मागच्या डब्याकडे एकदा बघून घेतलं.

"आणि तो काळा रंग नसला तर?"

"तर दाब धरत नाही. फुस्स."

पुढच्या वळणावर तिनं भाताची बाजू सांगितली. भाताच्या अंगात जनुकं असतात, त्यातली काही पहारेकरी. एकेक पहारेकरी चोराची एकच खूण ओळखतो. ती खूण दिसली की भात स्वतःची तेवढी पेशी मारून टाकतं, चोर आत आला त्या खोलीलाच आग लावून द्यावी तसं. पान वाचतं. पण बुरशीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. ती आपल्या अंगातलं खुणेचं जनुकच टाकून देते. मग पहारेकरी समोरून बघतो आणि सलाम करतो. संस्थेच्या नव्या वाणात दोन पहारेकरी एकदम बसवले होते.

"आणि म्हातारीच्या भातात?"

"तपासलं आम्ही, पेरून उरलेलं बी सगळं त्यातच संपलं. एकही नाही. सताड उघडं घर."

"मग इतकी वर्षं जगलं कसं?"

"गर्दीत. आजूबाजूला दहा जातीचं भात असायचं, मधे ज्वारी, रोप टाकायच्या आधी लोक पालापाचोळ्याचा राब जाळायचे. बुरशीला हिचा पत्ता सापडायचा, पण हिच्याकडून पुढे जायला वाट मिळायची नाही. आता सगळीकडे एकच भात आणि मधे ही एकटी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला तर ही अशीच हवी होती."

संध्याकाळी खाचरात तिनं पाठीवर पंप घेतला. हातमोजे, तोंडाला मास्क. चारी कडांना हळूहळू, एकही रोप कोरडं न ठेवता फवारलं. मग ओली गोणपाटं अंथरली, कारण या बुरशीला रात्रभर ओल लागते. पान सुकलं तर घुमट बांधता येत नाही. धनुबाई बांधावर बसून सगळं बघत होती. एवढी मोठी डॉक्टर देवीच्या ओळीला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालते, पांघरूण घालते आणि आतल्या आपल्या भाताकडे ढुंकूनही बघत नाही. म्हातारीनं शिखासाठी ओंजळभर चारोळ्या आणल्या होत्या. शिखानं त्या मोजे काढून खाल्ल्या.

आठवड्यानं डाग पडले. टोकाला निमुळते, मधे राखेच्या रंगाचे, कडेनं तांबूस. शंकरपाळेच. आतलं नवं वाण हिरवंगार होतं. धनुबाई मला हात धरून कडेनं फिरवायला घेऊन गेली. "बघ, सगळं हिनं घेतलं. आत एक डाग नाही." ती इतकी समाधानी होती की मला तिचा राग आला. आपलं घर जळतंय आणि ही म्हणते उजेड छान पडलाय.

"आजी, तुझं बी जाईल," मी म्हणालो.

"पान जातं. दरवर्षी जातं. दाण्यापर्यंत मोगी येऊ देत नाही."

गोवालचा मात्र देवीवर तेवढा भरवसा नव्हता. त्यानं मला बाजूला नेलं आणि घरामागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला एक वाफा दाखवला. बुटकी, लालसर रोपं. टोपली द्यायच्या आधी त्यानं दोन मुठी काढून ठेवल्या होत्या. म्हातारीला श्रावणात कळलं. तिनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, मग तिसऱ्या दिवशी तीच वाफ्यातलं गवत काढत बसलेली दिसली. खाचरापासून घर लांब, मधे बांबूचं बन. वाफ्यावर एक डाग नव्हता.

"तिकडचं गेलं तरी एवढं राहील," गोवाल म्हणाला. मलाही बरं वाटलं. मी शिखाला काही बोललो नाही. माझं बोलणं एरवी पोटात राहत नाही, पण एवढं राहिलं.

सप्टेंबरात भात पोटरीतून बाहेर पडायला लागलं. शिखा पुन्हा डबा घेऊन आली. पानावरचा करपा तिनं मोजला होता, आता मानेवरचा हवा होता. कणीस बाहेर पडताना त्याची मान कोवळी असते, तेव्हा बुरशी बसली की वरचं सगळं उपाशी मरतं. गोवाल त्या दिवशी धडगावच्या बाजाराला गेला होता. दिवस कलला, शिखानं कडेच्या ओळी फवारल्या, आणि पंपात थोडं उरलं. उरलेलं ब्लीचिंग टाकून मारायचं आणि खड्ड्यात ओतायचं असा तिचा नियम. ती मला बाटली आणायला सांगत होती, तेवढ्यात धनुबाई मडकं घेऊन पुढे आली.

"बाय, उरलंय ना? माझ्या घरामागे थोडी रोपं आहेत. तिथंही मार."

शिखानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही, म्हातारी बडबडते."

"रोपं म्हणाल्या. कुठली रोपं?"

आणि धनुबाईनं खुणेनं सगळं सांगून टाकलं. बुटकी, लालसर, टोकाला काळा टिपका. चोरून ठेवलेलं बी देवीच्या ओळीइतकंच न्हाऊ घालायचं, म्हणजे चोरीचं पाप फिटेल, असा तिचा हिशेब होता.

मी मग सरळच बोललो. "आजी, हाई औषध नही. हाऊ रोग शे. ही बाई रोग फवारते. मडकं घेऊन घरी जा."

म्हातारीनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि हसायला लागली. खाली बसून, पोट धरून हसली. "रोग. बर्फात घालून आणते रोग. मोजे घालून, गाडी करून, घाट चढून रोग आणते. अरे रोग स्वतःच्या पायानं येतो, त्याला कुणी जीप करतं का?" डोळे पुसून म्हणाली, "अंडी पेरतात, तसंच ना हेही?"

मी चिडलो. आवाज चढवला. जितका चिडलो तितकी ती हसली, कारण अंड्यांच्या वेळीही मी असाच तोंड गंभीर करून बोललो होतो. तिनं आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक पंपात औषधच होतं, आणि माझ्या तोंडून ऐकलेली प्रत्येक गोष्ट थापच होती. शेवटी ती शिखाकडे वळली आणि मडकं पुढे केलं. "तू सांग बाय. चांगलंच आहे ना?"

"शिखा, खबरदार," मी म्हणालो.

शिखा थोडा वेळ पंपाकडे बघत राहिली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती वाईट वाटून थांबली नव्हती, विचार करत होती. "खाचरापासून लांब आहे," ती माझ्याशी, पण जणू स्वतःशीच बोलली. "बनाच्या पलीकडे. आतापर्यंत स्वच्छ. म्हणजे पानावर काहीच नसताना थेट मानेवर काय होतं ते कळेल. असा वाफा मला मागून मिळाला नसता." आणि धनुबाईकडे बघून ते गोड हसू हसली. "चांगलंच आहे, आजी. घ्या."

मी मडकं हिसकावलं. म्हातारीनं माझ्या मनगटावर अशी चापट मारली की ते माझ्या हातून सुटलं, पण फुटलं नाही. मडकं उचलून ती घराकडे निघून गेली. तिच्या पाठोपाठ शिखा पंप घेऊन गेली, कारण मडक्यातून शिंपडलं तर सगळीकडे सारखं पडत नाही. अंधार पडायच्या आत धनुबाईनं घरातली गोणपाटं भिजवली आणि वाफ्यावर नीट अंथरली. मॅडम करते तशी.

शहाद्याला उतरताना ती म्हणाली, "निजामभाई, मी नसते आले तरी पाच वर्षांत ते भात गेलंच असतं. निदान आता कशानं गेलं ते लिहिलेलं राहील."

"पाच वर्षं ती म्हातारी जगणार होती का विचारलं असतंस," मी म्हणालो. तिनं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छगनशेठच्याच दुकानातून करप्याचं खरं औषध घेतलं आणि एकटाच घाट चढलो. गोवालला सगळं सांगितलं. आम्ही दोघं वाफ्याकडे गेलो तर धनुबाई वाफ्यासमोर विळा घेऊन बसलेली.

"काल दिलंय औषध," ती म्हणाली. "औषधावर औषध दिलं की पीक जळतं. एवढं मलाही कळतं."

आणि हे खरंच आहे. कुणाही शेतकऱ्याला विचारा. गोवालनं हात जोडले, मी शपथ घातली, माझ्या मुलीची, नईमाची. नईमाचं नाव ऐकल्यावर तिची नजर जरा हलली. पण मग तिनं विळा घट्ट धरला. "पोरीची शपथ थट्टेत घालू नको, निजाम." तीन दिवस ती तिथून हलली नाही. चौथ्या दिवशी औषध देऊनही उपयोग नव्हता.

भरलेलं कणीस मान खाली घालतं. रिकामं ताठ उभं राहतं. ऑक्टोबरात खाचरातलं नवं वाण सगळं वाकलं होतं आणि भोवतीची मोगीसाळ पांढरी, ताठ, मानेवर काळं कडं घेऊन उभी होती. घरामागचा वाफाही तसाच. पानं हिरवी, नितळ, एकही शंकरपाळं नाही, आणि वर पांढरी कणसं. धनुबाईनं एक कणीस खुडलं आणि एकेक दाणा नखानं दाबला. एकही दाणा फुगला नाही. तिनं कणीस खाली टाकलं नाही, कमरेला खोचलं.

शिखा आली, कणसं बघितली आणि म्हणाली, "नऊ." त्यांच्याकडे रोगाला शून्यापासून नऊपर्यंत आकडा देतात, नऊ म्हणजे सगळं गेलं. ती खूश होती, आणि खोटं कशाला बोला, ते तिनं लपवलंही नाही. कडेचं सगळं भात, पेंढ्यासकट, तिनं खाचरातच जाळायला लावलं. बुरशी फोलात मरत नाही, झोपते, पुढच्या पावसात उठते, म्हणून. घरामागचं जाळायला मात्र सांगितलं नाही. "ते आपल्या प्रयोगात येत नाही," म्हणाली. धनुबाईला तिनं नव्या वाणाची पाच किलोची पिशवी दिली. म्हातारीनं ती घेतली आणि गोवालच्या बायकोकडे दिली, जेवायला. मग विचारलं, "माझं बी?"

आम्ही दोघं गाडीकडे चालायला लागलो. माझ्या मागून म्हातारीचा आवाज आला, "निजाम, तू तेव्हा खरं बोलत होतास." विचारलं नव्हतं तिनं. सांगितलं.

माघात मोगीमातेच्या ठाण्यावर जायचा दिवस आला. गोवालचा फोन आला, आई चालू शकणार नाही, गाडी आणशील का. मी गेलो. धनुबाई नवी टोपली डोक्यावर घेऊन वडाखाली उभी होती, टोपलीवर लाल फडकं. ते फडकं वाटेत काढायचं नसतं, आत काय ते नेणारीलाच ठाऊक. गाडीत चढवताना मी टोपली हातात घेतली आणि माझे हात वर गेले. काहीच वजन नव्हतं. घरामागच्या वाफ्यातलं तिनं सगळं कापलं होतं, झोडलं होतं, पाखडलं मात्र नव्हतं.

ठाण्याच्या टेकडीवर ती टोपली घेऊन चढली. मान वाकवून, पावलागणिक दम खात, भरली टोपली घेतल्यासारखी. आजूबाजूच्या बायका वाट देत होत्या, कारण मोगीसाळीची टोपली आधी रिकामी करायचा मान तिच्या घरचा. वर एका पासोडीवर सगळ्या गावांचा दाणा एकत्र ओततात. पहिलं तिनं ओतलं. त्यावर ज्वारी, मका, दुकानातल्या बियाचं भात, कोदरी, पडत गेलं आणि हातांनी कालवलं गेलं. मग प्रत्येक घर त्यातली एकेक मूठ परत घेतं. ती मूठ घरच्या बियाण्यात मिसळायची, म्हणजे टोपली कधी रिकामी पडत नाही. लोक रांगेनं मुठी भरून नेत होते, कुठल्या कुठल्या पाड्यांवरचे. मी टेकडीखाली बिडी ओढत उभा होतो. शिखा त्या दिवशी पुण्यात भाषण देत होती.

परतताना धनुबाई माझ्या शेजारी बसली आणि पदरात मूठ उलगडली. बोटानं एकेक दाणा सारत होती. घाटात ऊन होतं, मी गाडी हळू घेतली. अचानक तिचं बोट थांबलं. टोकाला काळा टिपका असलेला दाणा.

"मोगीसाळ," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरी आहे अजून." चेहरा जूनमधल्यासारखा फुलला. "गोवाल, पलीकडच्या पाड्यावरच्या बाज्याची बहीण होती ना रांगेत? तिच्या आईकडे होती पूर्वी. उद्याच जा तिच्याकडे."

गोवाल मागून वाकून बघत होता. मी गाडी चालवत राहिलो. म्हातारीनं दाण्यावर नख ठेवलं आणि दाबलं. दाणा चपटा झाला.

खूप वेळ ती नखाखालच्या त्या फोलाकडे बघत बसली. तिचाच होता. देवीला दिलेला, देवीनं परत दिलेला.

"आजी, हे बियाण्यात मिसळू नको," मी म्हणालो. "रोग झोपलाय त्यात. बाकीच्यांनाही सांगायला पाहिजे."

"कळतं आता, तू कधी खरं बोलतोस ते," ती म्हणाली. "पण कुणाला सांगू? देवीच्या हातचं टाका म्हणून सांगू?"

घरी पोचल्यावर तिनं जुनी काळी टोपली खाली घेतली. पदरातलं सगळं तिच्यात ओतलं, ते चपटं फोल सगळ्यांत वर ठेवलं, आणि टोपली पुन्हा चुलीवरच्या आड्याला टांगली.